देवगिरीचा किल्ला आणि पाण्याची गोष्ट

परभणीच्या फलाटावर देवगिरी एक्सप्रेस रोज येते आणि रोज जाते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेल्या आपल्या कितीतरी माणसांनी या गाडीत उभ्याने रात्र काढलेली आहे. पण ज्या देवगिरीवरून गाडीला नाव पडले तो किल्ला पायऱ्या चढून पाहिलेला माणूस वस्तीत शोधू गेले तर बोटावर मोजण्याइतका निघतो. आपली माणसे वेरूळला जातात, लेणी पाहतात, दहाव्या लेण्यातल्या भव्य बुद्धमूर्तीपुढे वंदना घेतात. वाटेत बसच्या खिडकीतून किल्ला दिसतो. कोणीतरी म्हणते, तो बघा दौलताबाद. आणि बस पुढे जाते. राजेरजवाड्यांची जागा, तोफांची जागा, आपले तेथे काय, अशी एक समजूत मनात घर करून असते.

ही समजूत बरोबर नाही. वाचक बंधु-भगिनींनो, त्या किल्ल्याच्या दारात १९३४ साली बाबासाहेब उभे होते, आणि पाण्यावरून त्यांना तेथे अडवले गेले होते. महाडचे चवदार तळे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. देवगिरीच्या दारातला हौद मात्र मोठ्यांनाही ठाऊक नसतो. आपल्या मराठवाड्यातला, आपल्याच रेल्वेलाइनीवरचा हा प्रसंग. म्हणून महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही विषय काढला, की या वेळची सहल वेरूळची करू, पण आधी किल्ला. थोडी कुरकुर झाली. गुडघे दुखणाऱ्यांनी गुडघे दाखवले. शेवटी लहानमोठे मिळून बावीसजण तयार झालो. त्यात सात मुले, नऊ महिला, दोन निवृत्त शिक्षक आणि उरलेले आमच्यासारखे कचेरीतून रजा काढून आलेले.

स्टेशनसमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून सकाळच्या गाडीत बसलो. सेलू, परतूर, जालना करीत छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, गाठले आणि तेथून एस.टी.ने दौलताबाद. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, फार नाही.

किल्ला लांबून दिसतो तेव्हा उलट्या ठेवलेल्या सुपलीसारखा एक सुटा डोंगर दिसतो, सुमारे सहाशे फूट उंच. जवळ गेल्यावर लक्षात येते, की डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून भिंतीसारखा उभा केलेला आहे. घोरपडीलाही चढता येऊ नये असा. दगडी भिंत बांधणे समजते, पण अख्खा डोंगर छिन्नीने तासणे म्हणजे काय, याचा विचार तेथे उभे राहूनच करावा. ज्यांनी तासला त्यांची नावे कोठेही नाहीत. राजांची नावे मात्र पुस्तकभर आहेत. तीही सांगितली पाहिजेत, कारण मुले परीक्षेला बसतात.

यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास येथे राजधानी केली. पुढे सिंघण, महादेव, रामचंद्र असे राजे झाले. आपल्या जिंतूर तालुक्यातले चारठाणे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी यादवकाळातली देवळे पाहिलेली आहेत. रामचंद्र यादवाच्या वेळी, १२९६ साली, अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. राजा गडावर जाऊन बसला. गड तर अजिंक्य. पण पोती उघडली तेव्हा धान्याऐवजी मीठ निघाले, असे फिरिश्ता या तवारीखकाराने लिहून ठेवले आहे. गोष्ट खरी असो वा रचलेली, आम्हा कारकून मंडळींना ती फार पटते. गोदामाची नोंदवही कोणी नीट तपासली नाही की असे होते. १३१८ मध्ये यादवांचे राज्य पुरते संपले. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली आणि देवगिरीचे दौलताबाद केले. हजार किलोमीटरवरून माणसे चालवत आणली, आणि काही वर्षांतच पुन्हा परत नेली. १३४७ मध्ये हसन गंगू बहमनी याला येथेच राज्याभिषेक झाला. १४९९ मध्ये निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा याने गड घेतला. हा अहमद निजामशहा म्हणजे मूळच्या आपल्या पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला. त्याचे वडील मलिक हसन बाटून मुसलमान झाले आणि बहमनी दरबारात वर चढले. परभणी जिल्ह्याचा असाही एक धागा या किल्ल्याला आहे. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची १६२९ साली दगाबाजीने हत्या झाली तीही येथेच. १६३३ मध्ये मोगलांनी गड जिंकला आणि पुढे तो हैदराबादच्या निजामाकडे गेला. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपेपर्यंत परभणी आणि दौलताबाद एकाच संस्थानात होते.

यादवांच्या काळाबद्दल एक गोष्ट जाता जाता. या दरबाराचा प्रधान हेमाद्री पंडित. त्याने 'चतुर्वर्गचिंतामणी' नावाचा व्रते, दाने आणि श्राद्धे यांचा प्रचंड ग्रंथ लिहिला. कोणत्या तिथीला काय करावे आणि कोणाला काय दान द्यावे, याचा तो कोठारासारखा संग्रह. त्याच काळात चक्रधरस्वामी गोदाकाठी फिरत होते, साध्या मराठीत बोलत होते, स्त्रियांना आणि शूद्रांना जवळ बसवत होते. आणि यादवांच्या पाठोपाठच्या त्या धामधुमीत, १३३८ साली, चोखोबा गेले. मंगळवेढ्याला तटाचे बांधकाम चालू असताना तट कोसळला आणि त्याखाली मजुरांबरोबर ते गाडले गेले, असे परंपरा सांगते. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा आपला १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला आहे. देवगिरीचा तट पाहताना आमच्या डोळ्यांपुढे चोखोबाच येत होते. तट म्हटला की तो कोणीतरी डोक्यावर दगड वाहून रचलेला असतो.

किल्ल्याला एकामागे एक तीन तट आहेत. अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट. बाहेरच्या तटाच्या आत पूर्वी अख्खे शहर नांदत होते. खुलताबादकडे जाणारा रस्ता आजही दिल्ली दरवाजाच्या कमानीतून जातो. म्हणजे बसमध्ये बसलेला प्रवासी किल्ला पाहिला नाही म्हणतो तेव्हाही तो किल्ल्यातूनच गेलेला असतो.

महाकोटाच्या दाराशी आलो तेव्हा आम्ही सगळ्यांना सावलीत बसवले. तिकिटे काढायची होती, पण आधी हकीकत सांगायची होती.

१९३४ साली बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांनी सहलीची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. बाबासाहेब नाशिकला आले, मंडळी तेथे मिळाली. सुमारे तीसजण, बसगाड्या आणि मोटारी भाड्याने घेऊन येवल्यामार्गे निघाले. दौरा जाहीर केला नव्हता. मुद्दामच. आडगावातून जाताना अस्पृश्य प्रवाशाला काय काय सोसावे लागते ते माहीत असल्याने गाजावाजा टाळला होता. मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या माणसांना तेवढे कळवले होते. दौलताबादची मंडळी वाट पाहत उभी होती. आधी चहा घ्या म्हणाली. चहाची तल्लफ सगळ्यांनाच होती, पण अंधार पडायच्या आत किल्ला पाहायचा म्हणून चहा परतताना घेऊ असे सांगून गाड्या पुढे काढल्या.

किल्ल्याच्या दाराबाहेर एक लहानसा हौद होता, काठोकाठ भरलेला. भोवती दगडी फरशी. प्रवासाची धूळ अंगावर साचलेली. काहींनी फरशीवर बसून हौदाच्या पाण्याने तोंड-पाय धुतले. मग सगळे दाराशी गेले. तेथे हत्यारी शिपाई होते. आत जाण्याची परवानगी कशी घ्यायची हे विचारणे चालू होते, तेवढ्यात मागून एक पांढऱ्या दाढीचे वृद्ध मुसलमान हौद बाटल्याची ओरड करीत आले. रमजानचा महिना होता. पाहता पाहता माणसे जमली आणि शिवीगाळ सुरू झाली. आम्ही परगावचे आहोत, इथली रीत आम्हाला माहीत नाही, असे सांगून पाहिले. तेव्हा गर्दीचा राग तेथल्या गरीब महारांवर वळला, तुम्ही यांना सांगितले का नाही म्हणून. ती बिचारी माणसे तर नंतर पोहोचली होती. मारामारी होईल, खूनही पडतील अशी वेळ आली होती. एक तरुण सारखा म्हणत होता, की ज्याने त्याने आपल्या धर्माप्रमाणे राहावे. तेव्हा बाबासाहेबांनी संतापून त्याला विचारले, की तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आणि उद्या हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या पाण्यावर अडवाल काय? त्यावर जमाव गप्प झाला. कोणाकडेही उत्तर नव्हते.

मग बाबासाहेबांनी शिपायाला सरळ विचारले, आत जायचे आहे की नाही ते सांगा. शिपायाने नाव मागितले. चिठ्ठीवर लिहून दिलेले नाव आतल्या अधिकाऱ्याकडे गेले आणि परवानगी आली. अट एकच. किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी बरोबर एक हत्यारी शिपाई दिला गेला.

हे कोण होते? तोवर तिन्ही गोलमेज परिषदांना जाऊन आलेले, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले, १९३२ च्या पुणे करारावर सही केलेले बाबासाहेब. वय त्रेचाळीसच्या घरात. ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आत्मकथनात लिहिली आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. पुस्तिका पातळ आहे. दहावीतला मुलगा एका दुपारी वाचून संपवील.

मुलांपैकी एका मुलीने विचारले, मग मुसलमान वाईट का? हा प्रश्न येणार हे आम्हाला माहीत होते, आणि ज्यांना मुलांना घेऊन जायचे आहे त्यांनी उत्तर तयार ठेवावे. त्याच पुस्तिकेत बडोद्याची पारशी खानावळ आहे, जेथून काठ्या घेतलेल्या पारशांनी बाबासाहेबांना बाहेर काढले. चाळीसगावचा टांगा आहे. टांगेवाल्याने अस्पृश्याला बसवायचे नाकारले म्हणून न शिकलेल्या माणसाने टांगा हाकला आणि बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले जाऊन जखमी झाले. गोरेगावच्या प्रवासात तहानलेली लेकरे आहेत, त्यांना पाणी नाकारणारे हिंदूच होते. बाबासाहेबांना दाखवायचे होते ते हे, की हिंदूंनी लावलेला हा रोग शेजारच्या धर्मांतही शिरलेला आहे. एका जमातीवर बोट ठेवण्यासाठी त्यांनी लिहिले नाही. आपणही तशासाठी सांगू नये.

एवढे सांगून आत गेलो. आणि मग सबंध किल्ला आम्हाला वेगळाच दिसू लागला. कारण तो शिपाई बरोबर चालला आहे असे समजून पाहत गेले, की ध्यानात येते, या किल्ल्यात पावलोपावली पाणी आहे.

दारातून आत थोडे चालले की सरस्वती विहीर. पायऱ्यांची, खोल. तिच्या पुढे हत्ती हौद. हा हौद पाहून आमच्या बायकामंडळींनी तोंडात बोटे घातली. लांबी-रुंदी प्रत्येकी दीडशे फुटांहून जास्त, खोली वीस फुटांच्या वर. त्यात सुमारे दहा हजार घनमीटर पाणी मावते. आम्हाला हिशेबाची खोड. दहा हजार घनमीटर म्हणजे एक कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर एक हजार टँकर. आमच्या वस्तीत उन्हाळ्यात टँकर आला की घागरींची रांग कोठपर्यंत जाते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा आकडा कळेल. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आले. तशा वीस फेऱ्या म्हणजे हा एक हौद. डोंगरातले पाणी अडवून, खापरी नळांनी खेळवून त्या काळी हे साधले होते. कारागिरांना दंडवत घालावा असे काम आहे. आणि त्या तीसजणांना एवढ्या पाण्याच्या काठावरून कोरड्या घशाने, बंदुकीच्या पहाऱ्यात चालवले. दारातला हौद बाटला असे म्हणणाऱ्यांच्या पाठीशी एक कोटी लिटर होते.

आमच्यासोबत एक आजी होत्या, सत्तरी उलटलेल्या. त्यांना पुढे चढवेना, म्हणून त्या हौदाच्या कडेला बसल्या. मुलांना म्हणाल्या, "लेकरांनो, मी तुमच्याएवढी व्हते तवा आमच्या गावात आडावर जायची सोय नव्हती. माय घागर घिऊन लांब बसायची. कोणी वाढली तर वाढली. यखांद्या रोजी दोपार व्हायची. एक बाई व्हती, ती वरून पानी वतायची आन निम्मं सांडायची. आमी सांडल्याल्या पान्याकडं बगत बसायचो." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर बाबासायबाला बी आडवलं व्हतं म्हंता? येवढ्या शिकल्याल्या मानसाला?" त्यांना ते पहिल्यांदाच कळले होते. चैत्यभूमीला सहा वेळा गेलेल्या बाईला ते पहिल्यांदाच कळले होते, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो. नातीने पिशवीतली बाटली काढून त्यांना दिली. त्यांनी ती अर्धी रिकामी केली, उरलेले पाणी हातावर घेऊन तोंडावर मारले, आणि तुम्ही या वर जाऊन, मी हितंच हाय म्हणाल्या.

हौदाच्या पलीकडे जुन्या मशिदीची इमारत आहे. खिलजी काळात देवळांचे खांब वापरून ती उभी केली, आणि पोलीस ॲक्शननंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसली. एकाच छपराखाली इतक्या गोष्टी झालेल्या. समोर चाँद मिनार, पंधराव्या शतकात बहमनी सुलतानाने बांधलेला, सुमारे दोनशे दहा फूट उंच. मुलांनी त्याच्या सावलीत धावाधाव केली. पुढे चिनी महाल, निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून भिंतीला दिसतात. गोवळकोंड्याचा शेवटचा बादशहा अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने १६८७ नंतर येथे कैदेत ठेवले आणि तो कैदेतच मेला. मेंढ्याच्या डोक्याची तोफ मुलांना सगळ्यांत जास्त आवडली. इब्न बतूता या प्रवाशाने येथल्या तुरुंगात मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याचे लिहिले आहे. हे सांगितल्यावर दोघा मुलांनी पुढे जायला नकार दिला, तेव्हा ते सातशे वर्षांपूर्वीचे उंदीर असल्याचे पटवून द्यावे लागले.

मग खंदक. डोंगर तासून केलेला, खाली हिरवे पाणी. त्यावरच्या अरुंद पुलावरून गेले की अंधारी लागते. डोंगराच्या पोटातून खोदलेला वळणावळणाचा काळोखी जिना. शत्रू आत आला तर चाचपडावा, वाट चुकावा आणि वरच्या तोंडाशी पेटवलेल्या जाळाच्या धुराने गुदमरावा, अशी योजना. वटवाघळांचा वास येतो. येथे आम्ही एक गाईड घेतला होता, दौलताबाद गावचाच तरुण मुसलमान मुलगा. माहिती चांगली सांगत होता, तोफा, तट, भुयार सगळे पाठ. आम्ही त्याला विचारले, डॉ. आंबेडकर येथे आले होते ते माहीत आहे का? नव्हते. अंधारीतून वर उजेडात आल्यावर एका पायरीवर बसून त्याला हकीकत सांगितली. त्याने शेवटपर्यंत मध्ये एक शब्द काढला नाही. मग पुस्तकाचे नाव विचारले आणि मोबाईलमध्ये लिहून घेतले. म्हणाला, साहेब, आता लोकांना सांगताना मी हे पण सांगेन. सांगतो की नाही हे पुढच्या वेळी गेल्यावर कळेल. फलक असो वा नसो, सांगणारा माणूस हवा. आणि त्या गावात रोज शेकडो माणसांबरोबर चढणारा तोच मुलगा आहे.

वर शहाजहानच्या वेळची बारादरी आहे. तिच्याही वर माथ्याजवळ जनार्दनस्वामींचे स्थान. हे जनार्दनस्वामी निजामशाहीतले या गडाचे किल्लेदार आणि एकनाथांचे गुरू. नाथ शिष्य म्हणून येथेच राहिले. नाथांनी महाराचे लेकरू उचलून कडेवर घेतल्याची कथा आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. माया खरी असेल. परंतु पैठणची असो की देवगिरीची, विहीर त्यामुळे उघडली नाही. त्याला १९२७ चे महाड लागले, आणि त्या तळ्याचा निकालसुद्धा हायकोर्टातून १९३७ साली लागला. म्हणजे बाबासाहेब येथे उभे होते तेव्हा महाडचा दावा अजून चालूच होता. हा मेळ आम्ही बारादरीच्या सावलीत बसून मुलांना लावून दाखवला. येवल्याचेही तसेच. ज्या येवल्यावरून ही मंडळी देवगिरीला आली, त्याच येवल्यात पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली. देवगिरीमुळे घोषणा झाली असे कोणी म्हणू नये, तिच्यामागे काळारामाचा पाच वर्षांचा लढा होता. पण त्या गर्दीपुढे टाकलेला धर्माचा प्रश्न आणि पुढची घोषणा यांत वर्षभराचेच अंतर आहे.

माथ्यावरून खालचा मुलूख दिसतो. एका बाजूला खुलताबादचे डोंगर, तेथे मलिक अंबरची कबर आहे. या माणसाविषयी आपल्या मुलांना आवर्जून सांगावे. आफ्रिकेतल्या ॲबिसिनियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला, हातोहात विकत विकत दख्खनेत आलेला. तो निजामशाहीचा कर्ताधर्ता वजीर झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. त्याच्या काळात दौलताबाद ही निजामशाहीची राजधानी होती. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली, आणि शहराला डोंगरातून नहरीने पाणी आणून दिले. १६२६ मध्ये तो वारला. विकला गेलेला माणूस शहर वसवतो, पाण्याची सोय करतो. त्याच शहरात १९५० साली बाबासाहेबांनी मराठवाड्यातल्या पोरांसाठी कॉलेज काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली, आणि नागसेनवन उभे राहिले. ज्या मुलखात पाण्याला हात लावू दिला नाही, तेथेच त्यांनी येऊन शिक्षणाची पाणपोई घातली. आमच्याबरोबरच्या दोन्ही निवृत्त शिक्षकांपैकी एक मिलिंदचेच विद्यार्थी. वसतिगृहातल्या ज्वारीच्या भाकरीच्या आणि विड्या ओढताना पकडले गेल्याच्या त्यांच्या आठवणी खाली उतरेपर्यंत संपल्या नाहीत.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. उन्हाळ्यात कातळ तापतो, लेकरांचे हाल होतात. पूर्ण चढून उतरायला तीन-चार तास हाताशी ठेवावेत. पायऱ्या शेकड्यांनी आहेत आणि काही ठिकाणी उंच आहेत, म्हणून बायकांनी चपलेऐवजी बूट किंवा पट्ट्याची पादत्राणे घालावीत, साडीवर यात संकोच मानू नये. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या माणसाने हत्ती हौदापर्यंत जाऊन थांबावे, तेवढेही पुष्कळ आहे. अंधारीत बॅटरी हवीच, आणि लहान मुलाचा हात सोडू नये. खाण्याची पिशवी उघडी ठेवली तर माकडे घेऊन जातात. आमची शेंगदाण्याची चटणी तशीच गेली. हंगामात खाली रस्त्यावर सीताफळे मिळतात, दौलताबादची सीताफळे नाव काढण्यासारखी असतात.

त्याच दिवशी वेरूळ उरकण्याची घाई मात्र करू नये. रात्री शहरात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी वेरूळला जावे. बौद्ध लेणी पहिली बारा. मंगळवारी वेरूळ बंद असते, हे पाहून तारीख धरावी. जमले तर येताना नागसेनवनात अर्धा तास थांबावे. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, स्टेशनवर विचारून घ्याव्यात. आणि पाणी प्रत्येकाने आपापले भरपूर घ्यावे, कारण वर चढताना मध्ये मिळत नाही. आम्ही बावीसजणांत तीस बाटल्या नेल्या होत्या. हौदाच्या काठी बसलेल्या आजींनी त्यातल्या दोन येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी लेकरांना पाजून टाकल्या, हे आम्हाला खाली आल्यावर कळले.